केंद्राचा कायदा की राज्याचा? बेळगाव सीमाभागात वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगावच्या कोर्टात माझी वकिली. स्वतःच्या दाव्याचं बोलून झालं की पक्षकार जाता जाता हमखास विचारतात, “वकीलसाहेब, हा कायदा बेंगळुरूचा की दिल्लीचा? आणि दोघांचं जमत नसेल तर ऐकायचं कुणाचं?” चिकोडी-अथणीकडचे उसाचं विचारतात, निपाणीकडचे तंबाखूचं, खानापूरकडचे म्हादई नदीच्या पाण्याचं, आणि शहरातला प्रत्येक जण शेवटी सीमाप्रश्नावर येतो. तेच प्रश्न इथे घेतलेत. माहिती सर्वसाधारण आहे. हातात नोटीस पडली असेल तर कागद घेऊन वकिलाला भेटा, हे वाचत बसू नका.

दोघांनी एकाच गोष्टीवर कायदा केला तर केंद्राचाच चालतो ना?

बहुतेकांचा हाच समज असतो आणि तो अर्धाच बरोबर आहे. कोण मोठा, हे कोर्ट आधी विचारत नाही. विषय कुणाचा, हे विचारतं. घटनेच्या सातव्या अनुसूचीत विषयांच्या तीन याद्या आहेत: संघसूची (केंद्राचे विषय), राज्यसूची (राज्याचे) आणि समवर्ती सूची (दोघांचे). मूळ घटनेत त्यांत अनुक्रमे ९७, ६६ आणि ४७ नोंदी होत्या. पुढे दुरुस्त्यांनी आकडे हलले. शिक्षण आणि जंगल हे विषय १९७६ च्या बेचाळिसाव्या दुरुस्तीने राज्याच्या यादीतून उचलून समवर्तीत टाकले. तिन्ही याद्यांत कुठेच न बसणारा विषय संसदेकडे जातो.

याद्या एकमेकींवर खरोखरच चढल्या आणि जुळवून घ्यायला वावच उरला नाही, तर अनुच्छेद २४६ च्या शब्दरचनेनुसार संसदेचं पारडं जड. पण तिथवर जायची वेळ येऊ नये यासाठी कोर्ट बराच खटाटोप करतं. दोन नोंदींचा अर्थ असा लावायचा की दोन्ही कायदे उभे राहतील, हा त्यांचा पहिला प्रयत्न. विषय निव्वळ राज्याचा असेल तर संसदेचा कायदाही मागे सरतो. तंबाखूच्या प्रश्नात तेच झालं, खाली येईलच.

पण एक कायदा दोन विषयांना शिवत असेल तर?

शिवतोच. न शिवणारा कायदा मला तरी अजून दिसला नाही.

बांधावरचा आंबा घ्या. फांद्या शेजारच्या रानात गेल्यात, सावली तिकडे पडते, चार आंबेही तिकडेच गळतात. तरी झाड कुणाचं हे बुंध्यावरून ठरतं. कोर्टही कायद्याचा बुंधा बघतं: याचा खरा रोख कशावर आहे? तो आपल्या यादीत असेल, तर दुसऱ्याच्या यादीत ओघाने झालेला शिरकाव चालवून घेतात. आम्ही वकील याला ‘पिथ अँड सबस्टन्स’ म्हणतो, मराठी पुस्तकांत ‘सार आणि तत्त्व’.

१९४७ साली प्रिव्ही कौन्सिलपुढे, म्हणजे इंग्रजांच्या काळातल्या लंडनच्या सर्वोच्च कोर्टापुढे, बंगालचा सावकारी कायदा आला होता. सावकारीवर कायदा करणं प्रांताच्या हातात, वचनचिठ्ठी (प्रॉमिसरी नोट) मात्र केंद्राचा विषय. आणि कर्ज तर चिठ्ठीवरच दिलेलं. खुलन्याची बँक म्हणाली, प्रांताला हात घालता येणार नाही. कौन्सिलने सांगितलं, कायदा सावकारीचा आहे, चिठ्ठीला ओघाने धक्का लागला तर लागू दे.

आपल्या जवळचं उदाहरण दारूबंदीचं. १९४९ चा मुंबई दारूबंदी कायदा बेळगावलाही लागू होता, कारण तेव्हा आपण मुंबई राज्यात होतो. बलसारा यांच्या खटल्यात मुद्दा आला की परदेशी दारूची आयात केंद्राच्या यादीत आहे, मग ती बाळगायला-विकायला राज्य बंदी कशी घालतं? १९५१ साली सुप्रीम कोर्टाने कायद्याचा गाभा राज्याच्या यादीतला ठरवला. अल्कोहोल असलेली औषधं आणि प्रसाधनं यांच्यावरची काही बंधनं मात्र मूलभूत हक्कांवर आदळली आणि पडली. कायदा राहिला, चार कलमं गेली, असंही होतं.

आणि नाव एक, काम भलतंच असेल तर?

मग पाटी बदलून सुटका नाही. जे सरळ करता येत नाही ते आडवाटेने केलंय का, हे कोर्ट बघतं. सरकारचा हेतू चांगला की वाईट याच्याशी त्याला देणंघेणं नसतं. अधिकार होता की नव्हता, एवढाच प्रश्न.

उसाचा दर केंद्र ठरवतं की राज्य? आम्हाला दोघेही दुसऱ्याकडे बोट दाखवतात.

२०२५ च्या नोव्हेंबरात मुडलगी तालुक्यात गुर्लापूरला ऊस उत्पादक टनाला ३५०० रुपये मागत रस्त्यावर बसले, तेव्हाही हेच चाललं होतं. म्हणून जरा सविस्तर सांगतो.

केंद्र अत्यावश्यक वस्तू कायदा, १९५५ आणि त्याखालच्या ऊस नियंत्रण आदेश, १९६६ नुसार एफआरपी, म्हणजे उसाचा रास्त आणि किफायतशीर दर, जाहीर करतं. २०२५-२६ साठी ती १०.२५ टक्के साखर उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये, म्हणजे टनाला ३५५०. शेतकऱ्याच्या हातात एवढे पडत नाहीत, कारण तोडणी-वाहतूक त्यातूनच वजा होते आणि उतारा कमी दाखवला की दरही उतरतो. काट्याची पावती आणि बिल शेजारी शेजारी ठेवून बघितलेल्या कुणालाही हे वेगळं सांगायला नको.

आता राज्याला यापेक्षा जास्त दर ठरवता येतो का? उत्तर प्रदेशातल्या कारखान्यांनी हाच वाद सुप्रीम कोर्टात वर्षानुवर्षं चालवला. पहिला मोठा निकाल १९५६ चा, टिका रामजी प्रकरणातला. त्यात कोर्टाने ऊस आणि साखर वेगळे काढले. साखर उद्योगावर केंद्राचा ताबा आहे म्हणून शेतातल्या उसाचा पुरवठा कसा करायचा हे ठरवायचा राज्याचा अधिकार जात नाही. पुढे दराबाबत दोन निकाल एकमेकांशी जुळेनात असा आक्षेप आला, आणि एप्रिल २०२० मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो मिटवला. विषय समवर्ती सूचीतला, म्हणून दर ठरवायचा अधिकार दोघांनाही. केंद्राचा दर किमान आहे. राज्याने त्याच्या वर दर ठेवला तर कारखान्याला एकाच वेळी दोन्ही पाळता येतात, मग भांडण कसलं? राज्याने किमान दराच्या खाली दर लावला, तर मात्र केंद्राचा चालेल.

म्हणजे ‘दर फक्त दिल्लीच्या हातात आहे’ हे उत्तर कायद्याला धरून नाही. पण दुसरी बाजूही ऐका. राज्याला अधिकार आहे म्हणून त्याने तो वापरलाच पाहिजे असा हुकूम या निकालात नाही. दर वाढवायचा की नाही हा राजकारणाचा प्रश्न आहे, आणि तो गुर्लापूरसारख्या चौकातच सुटतो.

कारखान्याच्या मळीपासून निघणाऱ्या स्पिरिटवर कुणाचं राज्य?

सुप्रीम कोर्टाच्या १९८९ च्या निकालापासून कायद्याचं उत्तर होतं: पिण्याची दारू राज्याची, औद्योगिक अल्कोहोल केंद्राचं. २३ ऑक्टोबर २०२४ रोजी नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ८ विरुद्ध १ अशा बहुमताने ते उलटवलं. राज्यसूचीतल्या ‘मादक मद्य’ या शब्दांत औद्योगिक अल्कोहोलही येतं, कारण त्याचा पिण्यासाठी गैरवापर रोखणं हे राज्याचंच काम. विरोधी मत न्या. बी. व्ही. नागरत्ना यांचं, आणि त्या कर्नाटकातल्या. राज्यांचा अधिकार वाढवणाऱ्या निकालाला विरोध राज्यातल्याच न्यायमूर्तींचा, याचं बार रूममध्ये आम्हाला थोडं नवल वाटलं होतं. वाटायला नको होतं. न्यायमूर्ती आपल्या गावाची बाजू मांडायला बसत नाहीत.

निपाणीच्या तंबाखूवर बाजार समिती फी घेऊ शकते का? तंबाखू बोर्ड तर केंद्राचं आहे.

या प्रश्नाचं उत्तर माझ्याच आयुष्यात एकदा बदललं. केंद्राने १९७५ साली तंबाखू बोर्डाचा कायदा केला आणि तंबाखू उद्योग आपल्या ताब्यात घेत असल्याचं त्यातच जाहीर केलं. इकडे कर्नाटकाचा बाजार समितीचा कायदा १९६६ चा. सिगारेट कंपनी विरुद्ध कर्नाटक या प्रकरणात १९८५ साली सुप्रीम कोर्टाने बहुमताने सांगितलं, उद्योग केंद्राने घेतलाय, आता राज्याच्या बाजार समितीने तंबाखूत हात घालायचा नाही.

२००२ साली बिहारमधल्या मुंगेर बाजार समितीचं प्रकरण पाच न्यायमूर्तींपुढे आलं आणि बहुमताने जुना निकाल पुसला. युक्तिवाद उसाचाच: शेतात पिकलेलं पान आणि कारखान्यातला उद्योग एक नव्हे. बाजार आणि जत्रा हा राज्यसूचीतला विषय, २८ वी नोंद. ‘उद्योग’ शब्द इतका ताणला की त्यात कच्चा मालही आला, तर राज्याच्या शेतीच्या आणि बाजाराच्या नोंदींत उरतं काय? बाजार आवारातल्या विक्रीपुरता बाजार समितीचा कायदा टिकला, संसदेचा कायदा तेवढ्यापुरता मागे सरला.

एक गोष्ट लक्षात ठेवा. निपाणीचा तंबाखू मुख्यतः बिडीचा, आणि बोर्डाचं लक्ष सिगारेटच्या व्हर्जिनिया तंबाखूवर. १९८१ च्या आंदोलनात निपाणीच्या शेतकऱ्यांनी दर मागितला होता. वर सांगितलेले दोन्ही निकाल दर मिळवून देत नाहीत, फी कोण घेणार एवढंच ठरवतात.

समवर्ती सूचीत दोघांचे कायदे खरंच टकरले तर काय?

तेव्हा अनुच्छेद २५४ लागतो. संसदेचा कायदा चालतो आणि राज्याचा, टक्कर असेल तेवढ्यापुरताच, निकामी ठरतो. पण राज्याने आपलं विधेयक राष्ट्रपतींकडे पाठवून मंजुरी घेतली असेल, तर त्या राज्यापुरता राज्याचा कायदा चालतो. त्यावरही संसदेला नंतर नवा कायदा करून तो मोडता येतो.

हा शेवटचा पेच जोंधळ्यावरून सुटला. जुन्या मुंबई राज्यात, गुजरातकडच्या भागात, झवेरभाई नावाच्या माणसाने परवान्याशिवाय जोंधळा नेला म्हणून १९५१ साली खटला झाला. मुंबईच्या कायद्यात शिक्षा सात वर्षांपर्यंत, आणि त्याला वरची संमतीही होती. केंद्राने मागाहून आपल्या कायद्यात शिक्षेची नवी रचना केली. झवेरभाईंचा बचाव मजेशीर होता. ते म्हणत होते, माझ्यावरचा कायदा कडकच धरा. कारण सात वर्षांची शिक्षा असेल तर त्यांना दोषी ठरवणाऱ्या मॅजिस्ट्रेटला तो खटला चालवायचा अधिकारच नव्हता! १९५४ साली सुप्रीम कोर्टाने ठरवलं की त्याच विषयावर संसदेचा नंतरचा कायदा आल्यामुळे मुंबईची तरतूद आपोआप रद्द झाली. शिक्षा कायम.

बैलगाडी शर्यत आधी बंद, मग चालू. हे कसं झालं?

राष्ट्रपतींच्या मंजुरीचंच उदाहरण. प्राण्यांना क्रूरतेने वागवण्याविरुद्धचा १९६० चा कायदा केंद्राचा, विषय समवर्ती. मे २०१४ मध्ये सुप्रीम कोर्टाने जल्लीकट्टू आणि शर्यतींवर बंदी आणली. मग तमिळनाडू, महाराष्ट्र आणि कर्नाटक यांनी आपापल्या राज्यापुरत्या दुरुस्त्या करून राष्ट्रपतींची मंजुरी मिळवली. १८ मे २०२३ रोजी घटनापीठाने तिन्ही दुरुस्त्या वैध ठरवल्या. सीमेवर लक्षात ठेवायचं ते हे: अलीकडच्या गावात कर्नाटकची दुरुस्ती आणि नियम, पलीकडे महाराष्ट्राचे. जोडी तीच, गाडीवान तोच, पण परवानगी शर्यत जिथे होणार तिथली लागते. पलीकडचा कागद अलीकडे दाखवून उपयोग नाही.

गाडी एमएच ०९ (कोल्हापूर) पासिंगची आहे, राहतो निपाणीत. काय करायचं?

दोन गोष्टी वेगळ्या करा. नोंदणी मोटार वाहन कायदा, १९८८ खाली, म्हणजे संसदेच्या कायद्याने. गाडी दुसऱ्या राज्यात बारा महिन्यांहून जास्त ठेवली तर कलम ४७ प्रमाणे तिथला नवा क्रमांक घ्यावा लागतो. कर मात्र राज्याचा, राज्यसूचीतली ५७ वी नोंद. कराच्या नोंदी याद्यांत मुद्दाम वेगळ्या ठेवल्यात. एखादा विषय हाताळायचा अधिकार मिळाला म्हणजे त्यावर कर लावायचा अधिकार त्यातून आपोआप निघत नाही, हे सुप्रीम कोर्टाने पुन्हा पुन्हा सांगितलंय. म्हणून ‘मला बारा महिने आहेत’ हे आरटीओला सांगून भागत नाही. ती मुदत क्रमांकाची. कर कधी लागतो ते कर्नाटकाच्या कर कायद्यात बघायचं. टोल, पेट्रोल आणि नातेवाईक यांच्या पावत्या जपून ठेवणारा एक पक्षकार माझ्याकडे होता. नातेवाईकाची पावती म्हणजे कागलच्या लग्नाची पत्रिका. गाडी अधूनमधूनच इकडे येते हे दाखवायला ती खरंच कामी आली.

महाराष्ट्राचा कायदा कर्नाटकातल्या माणसाला लागू शकतो का?

एरवी नाही; राज्याचा कायदा राज्याच्या हद्दीपुरता. पण हद्दीपलीकडच्या माणसाचा राज्यातल्या गोष्टीशी खरा आणि पुरेसा संबंध असेल तर लागतो. याचा गाजलेला निकाल योगायोगाने याच दोन बाजूंचा आहे. चमारबागवाला यांच्या कंपनीची शब्दकोड्यांची बक्षीस स्पर्धा बेंगळुरूला, म्हणजे तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, छापल्या जाणाऱ्या साप्ताहिकातून चालायची. अंक मुंबई राज्यात खपायचा, प्रवेशिका आणि पैसे तिथून गोळा व्हायचे. मुंबईने कर लावला. १९५७ साली सुप्रीम कोर्टाने तो मान्य केला: छापखाना कुठेही असो, धंदा मुंबईत चालतोय.

दुकानाच्या पाटीवर साठ टक्के कन्नड, कार्यालयात फक्त कन्नड कागद. हा केंद्र-राज्य वाद नाही का?

नाही, आणि इथे आपल्या लोकांची सगळ्यात जास्त गल्लत होते. राज्याची राजभाषा ठरवायचा अधिकार अनुच्छेद ३४५ ने विधिमंडळालाच दिलाय. ‘राज्याला अधिकारच नव्हता’ हा दरवाजा ठोठावून हाती फार लागत नाही. दुसरा दरवाजा आहे: अधिकार असेलही, पण मूलभूत हक्क मोडतात का? आमच्या गल्लीतल्या पेंटरने साठ टक्के कन्नडची सक्ती आणणाऱ्या २०२४ च्या दुरुस्तीनंतर पाट्या रंगवताना टेप लावून उंची मोजली, वरचा भाग कन्नडला सोडला आणि उरलेल्यात मराठी बसवली. अक्षरं बारीक झाली, पण बसली. राज्याने उरलेली जागाही काढून घेतली असती, तर हक्काचा प्रश्न फार धारदार झाला असता.

शाळेच्या माध्यमाचा निकाल बघा. प्राथमिक शाळांत मातृभाषेची सक्ती करायच्या कर्नाटकाच्या धोरणाला मे २०१४ मध्ये घटनापीठाने नकार दिला, तो भाषण-अभिव्यक्तीच्या आणि शाळा चालवायच्या स्वातंत्र्यावर बोट ठेवून. जिंकले इंग्रजी शाळावाले, हे मराठीवाल्यांनी विसरू नये. उच्च शिक्षणात मात्र यादीचाच वाद झाला होता: १९६२ च्या गुजरात विद्यापीठाच्या प्रकरणात दर्जा राखायच्या संसदेच्या अधिकारापुढे एकाच माध्यमाची सक्ती टिकली नाही.

मराठीत अर्ज द्यायचा असेल तर अनुच्छेद ३५० वाचा. गाऱ्हाणं त्या राज्यात वापरात असलेल्या कुठल्याही भाषेत देता येतं. अर्ज घ्यायला नकार मिळाला तर नकार लेखी मागा.

म्हादईचा निकाल कोर्ट का देत नाही?

पाणी राज्यसूचीत, पण आंतरराज्य नद्यांचं नियमन संसद हाती घेऊ शकते. शिवाय अनुच्छेद २६२ ने संसदेला असे तंटे कोर्टांबाहेर ठेवायची मुभा दिली, आणि १९५६ च्या कायद्याने तसं केलं. म्हणून खानापूर तालुक्यातल्या कळसा-भांडुरा नाल्यांच्या पाण्याचा तंटा २०१० साली नेमलेल्या लवादाकडे गेला. ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने कर्नाटकाला एकूण १३.४२ टीएमसी (अब्ज घनफूट) पाणी दिलं. लवादाच्या निवाड्यावर सुप्रीम कोर्टात विशेष परवानगीने अपील करता येतं, तेवढी खिडकी उघडी आहे.

राज्याला कायदा करून लवादाचा आदेश उडवता येत नाही. कर्नाटकाने १९९१ साली कावेरीबाबत तसा अध्यादेश काढून बघितला. सुप्रीम कोर्टाने त्याच वर्षी तो अधिकाराबाहेरचा ठरवला.

मग सीमाप्रश्न? तो कोर्टातच आहे ना?

आहे. महाराष्ट्राने २००४ साली अनुच्छेद १३१ खाली थेट सुप्रीम कोर्टात दावा टाकला. पण यात कायद्याच्या याद्यांचं भांडण नाही. राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार अनुच्छेद ३ ने एकट्या संसदेला दिलाय, त्यात राज्यांचा वाटा फक्त मत कळवण्यापुरता. १९५६ च्या राज्य पुनर्रचना कायद्याने चंदगड तालुका सोडून बेळगाव जिल्हा म्हैसूरला गेला. त्याच कायद्याविरुद्ध बाबूलाल पराते कोर्टात गेले होते: मूळ विधेयकात मुंबईचे तीन तुकडे होते, संसदेने ऐनवेळी मराठी-गुजराती द्वैभाषिक राज्य केलं, मग विधिमंडळाला पुन्हा का विचारलं नाही? १९५९ साली सुप्रीम कोर्टाने सांगितलं, पुन्हा विचारायची गरज नाही.

कर्नाटकाचं म्हणणं याच दिशेने जातं: सीमा हा संसदेचा प्रांत, कोर्टाचा नाही. महाराष्ट्राचं म्हणणं, संसदेने केलेला कायदाही घटनेच्या कसोटीवर तपासता येतो. माझं मत विचाराल तर दुसरा मुद्दा तत्त्वाने बरोबर आहे, पण पराते प्रकरणाचा डोंगर ओलांडून जाणं सोपं नाही. एक नोव्हेंबरच्या काळ्या दिनाच्या फेरीत हे बोलून दाखवायचं धाडस मी केलेलं नाही.

साध्या माणसाने हा मुद्दा कुठे मांडायचा?

अनुच्छेद १३१ चा दावा फक्त सरकारांसाठी. तुम्ही रिट याचिका घेऊन उच्च न्यायालयात जायचं, म्हणजे आपल्यासाठी धारवाडच्या खंडपीठात. बेंगळुरूची रात्रीची बस पकडायची गरज २००८ पासून उरलेली नाही. खटला तुमच्यावर असेल तर बचाव म्हणूनही हा मुद्दा घेता येतो, झवेरभाईंनी घेतला तसा. कायदा वैध आहे असं धरूनच कोर्ट सुरुवात करतं. तो अधिकाराबाहेरचा आहे हे दाखवायचं ओझं तुमच्यावर.

येताना कोणते कागद आणू?

नोटीस, ती ज्या पाकिटातून आली ते पाकीट, आणि शक्य असेल तर कायद्याची राजपत्रातली प्रत. कन्नड वाचता येत नसेल तरी आणा. कायद्याच्या सुरुवातीला कंसात एक ओळ असते: संमती राज्यपालांची की राष्ट्रपतींची, आणि कोणत्या तारखेची. मी पहिल्यांदा तीच वाचतो.